पेरणीच्या आधी सांगा

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा टाइप केलेला शब्द कोणता असं कुणी विचारलं, तर मला आठवावं लागणार नाही. तो शब्द 'इत्यादी'.

नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समध्ये, शेतीशी संबंधित एका सरकारी कार्यालयात मी लघुलेखिका म्हणून लागले आणि तिथूनच अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. दरवर्षी हिवाळ्यात, अर्थसंकल्पाच्या आधी, आमच्या सभागृहात शेतकऱ्यांची बैठक व्हायची. विभागातल्या गावागावांतून चाळीस-पन्नास जण यायचे आणि सरकारकडून काय हवं ते सांगायचे. ते सगळं लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि त्याचं एक पान करायचं, हे माझं काम. वरून आलेल्या नमुन्यात तीनच रकाने होते : अनुक्रमांक, मागणी, अंदाजित खर्च. हे पान मुंबईला जायचं. तिथं सगळ्या विभागांच्या पानांचं मिळून पुन्हा एक पान व्हायचं, असं ऐकून होते.

चाळीस माणसांचं तीन तासांचं बोलणं एका पानात मावत नाही. मग शेवटच्या ओळीत 'साठवणूक, वाहतूक, पाणीपुरवठा इत्यादी' असं लिहून पूर्णविराम द्यायचा. त्या एका शब्दात मी किती माणसं कोंबली असतील, याचा विचार नोकरीत असताना फारसा केला नाही. आता करते.

बाहेरच्या लोकांना वाटतं, शेतकरी सरकारकडे एकच गोष्ट मागतो, कर्जमाफी. मलाही तसंच वाटायचं. माझं माहेर महालातलं, वडील कारकून. लग्नानंतर कोराडीच्या कॉलनीत आले, कारण नवरा तिथल्या वीज केंद्रात होता. दोरीवर वाळत घातलेल्या साड्या राख झटकून घडी करायच्या आणि नऊची बस पकडून ऑफिस गाठायचं, असं माझं आयुष्य. शेत पाहिलं ते हुरडा खायला गेल्यावर तेवढंच. त्यामुळे पहिल्या बैठकीत मी वही उघडून बसले ती 'माफी' या शब्दाची खूण आधीच ठरवून. तीन तासांत ती दोनदासुद्धा वापरावी लागली नाही.

त्या माणसांना जे माहीत असायचं, त्यानं मी थक्क व्हायचे. उमरेडकडचे नामदेवराव एकदा थैलीत फवारणीचा पंप घेऊन आले. आपली पाळी आल्यावर त्यांनी साहेबांच्या गुळगुळीत टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पंप खोलायला घेतला. नळी, नोझल, बॅटरी, वॉशर, एकेक भाग मांडत गेले.

"साहेब, याच्या हरेक वस्तूवर मी कर देतो," ते म्हणाले. "दुकानदार बी देते. पण तो त्याच्या गिऱ्हाइकाकडून घेते, अन् आपला भरलेला वजा करून उरलेला सरकारले देते. मी कोणाकडून घेऊ? माझ्या कापसाचा भाव मी ठरवत नाही. कराची गाडी माझ्या वावरात येऊन थांबते, पुढं रस्ताच नाही."

सभागृहात कर सल्लागार बसले होते, बँकेचे अधिकारी होते. वस्तूंवरचा कर शेवटी कुणाच्या अंगावर पडतो हे इतक्या थोडक्यात त्यांच्यापैकी कुणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. नामदेवरावांनी तिथंच पंप पुन्हा जोडला, वर्तमानपत्राची घडी केली आणि खाली बसले. त्यांची मागणी मी पानावर तिसऱ्या क्रमांकावर लिहिली : 'कृषी अवजारांवरील करात सवलत.' चार शब्द. पंप त्यात कुठेच नव्हता.

भंडाऱ्याकडून तलावात शिंगाडा घेणारे एक गृहस्थ यायचे. त्यांची तक्रार अशी, की सरकारच्या प्रत्येक योजनेत पहिला प्रश्न जमीन किती, आणि त्यांचं पीक तर पाण्यात. "आम्हाले रकानाच नाही मॅडम," असं ते दरवर्षी हसत सांगायचे, आणि दरवर्षी इत्यादीत जायचे.

पण मला सांगायचं आहे ते शकुंतलाबाईंबद्दल.

शकुंतलाबाई काटोलच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या आसपास, ठेंगण्या, आवाज खणखणीत. नवरा भाऊराव अबोल माणूस. शेताचे निर्णय बाईच घ्यायच्या. घरचं वावर, म्हणजे शेत, कापूस आणि तुरीचं, आणि गावातल्या दहा-बारा बायकांचा गट त्यांच्या शब्दावर चालायचा. त्या पहिल्यांदा बैठकीला आल्या तेव्हा सगळ्यांच्या शेवटी उभ्या राहिल्या.

"साहेब, मले काही फुकट नको. तुम्ही बाहेरच्या देशातून तूर आणता, आणा. तिच्यावर कर लावता, लावा. काढता, काढा. फक्त जे कराचं ते आमची पेरणी व्हायच्या आधी सांगा. आम्ही पेरल्यावर सांगून राहिले तर आम्ही काय करावं?"

आमचे देशकर साहेब सज्जन माणूस. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तो दिल्लीचा विषय आहे. आपल्या कक्षेत येत नाही."

"मंग दिल्लीले कोण सांगन?"

"बरं, पुढचे कोण?"

इथं थोडं स्पष्ट करायला हवं. परदेशातून येणाऱ्या धान्यावर किती कर घ्यायचा हे केंद्र सरकार ठरवतं, आणि ते अर्थसंकल्पाच्या दिवशीच ठरतं असं नाही. वर्षात केव्हाही एक पानाची अधिसूचना निघते आणि कर कमी होतो किंवा वाढतो. कर काढला की बाहेरची तूर स्वस्तात येते आणि इथल्या तुरीचा भाव पडतो. आपण शहरातले लोक त्याला डाळ स्वस्त झाली म्हणतो.

त्या वर्षी शकुंतलाबाई इत्यादीत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदरानं घाम पुसला, पिशवीतून आम्ही टपालानं पाठवलेलं इतिवृत्त काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"मॅडम, पोरीकडून तीनदा वाचून घेतलं. याच्यात मी नाही."

मी पान पाहिलं आणि, आज लिहितानाही लाज वाटते, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आहात ना बाई. हे काय, इत्यादी."

त्यांनी त्या शब्दाकडे नीट वाकून पाहिलं. "हे इत्यादी म्हणजे मी?"

पंख्याखाली कागद फडफडत होते, ते उगाच पेपरवेटखाली सारत राहिले.

"तुमच्यावर राग नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी पेरणी पाहिली काय?"

"नाही."

"मंग एक दिवस या. पाहिल्याबिगर कसं लिहिता येईन?"

जूनच्या अखेरीला त्यांचा निरोप आला आणि मी एक दिवसाची रजा टाकून पहाटेच्या एसटीनं गेले. आठवडाभर पाऊस होऊन गेला होता, त्या दिवशी उघडीप होती. बांधावर दहा-बारा बायका बियाण्याच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. शकुंतलाबाई वावराच्या मधोमध उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांचा हात मनगटापर्यंत मातीत होता. मूठभर माती त्यांनी वर काढली, दाबून तिचा गोळा केला, बोटानं फोडला. तीन ठिकाणी असं केलं. मग उठून त्यांनी भाऊरावांकडे पाहून मान हलवली.

"चाला वं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि सगळं वावर हललं. भाऊरावांनी बैल पुढे काढले, बायका ओळीनं वाकल्या. बोटानं खड्डा, दोन बिया, पायानं माती. पुन्हा खड्डा, दोन बिया, पायानं माती. चार-सहा ओळी कापसाच्या, मग एक तुरीची. खालच्या अंगाला एक वेगळा तुकडा होता, तो सगळा तुरीचाच पेरायचा होता. वर्षभराचं त्या घरांचं जे काही होणार होतं ते माझ्या डोळ्यांसमोर मातीखाली जात होतं आणि मागं वळून पाहिलं तर जमिनीवर काहीही दिसत नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं मला झालं. मी चपला काढून बांधावर बसले.

अकराच्या सुमारास कमलाबाई नावाच्या एका बाईचा मोबाइल वाजला. तिचा भाऊ बाजार समितीत हमाली करायचा. ती ऐकत उभी राहिली आणि मग तिथूनच ओरडली, "शकुंतलाताई! तुरीवरचा कर काढला म्हणते. बाहेरची तूर आता वर्षभर बिनकराची येणार."

सगळ्या बायका जिथल्या तिथं थांबल्या. काही वाकलेल्याच राहिल्या, बिया चिमटीत तशाच धरून. मी माझा फोन काढून बातमी पाहिली. खरी होती. माझ्याकडे पाहून शकुंतलाबाईंनी विचारलं, "होय काय मॅडम?" मी मान हलवली. आपणच काही गुन्हा केल्यासारखं वाटलं.

आता रडारड होईल, शिव्या ऐकू येतील, असं मला वाटलं. त्या बांधावर आल्या, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बसा वं साऱ्या."

पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत जे झालं ते मी मंत्रालयापर्यंतच्या कुठल्याही बैठकीत पाहिलेलं नाही. वरच्या वावरातली तूर पेरून झाली आहे, ती राहू द्यायची, कापसाला तिची सोबत असते. खालच्या तुकड्यात तूर नको. मग काय? सोयाबीन? त्याचं बियाणं आणायला काटोलला जावं लागेल, तोवर ओल उडेल. ज्वारी? ज्वारीला पाखरं फार, राखण कोण करणार? एक म्हणाली, माझी सासू घरीच असते, ती करीन. दुसरीनं विचारलं, कडबा वाटून घ्यायचा ना? ज्वारीचं बी कुणाकडे आहे? कमलाबाईकडे घरचं होतं, राखेत ठेवलेलं. ती उठून गावाकडे निघालीसुद्धा. कुणी आवाज चढवला नाही. शकुंतलाबाईंनी प्रत्येकीला विचारलं, आणि सर्वांत शेवटी भाऊरावांना. "तुमाले काय वाटते?" ते म्हणाले, "खालच्या तुकड्यात पाणी साचते. ज्वारी वरच्या धुऱ्याकडून घ्या." धुरा म्हणजे बांध. तेवढं एकच वाक्य त्या माणसाचं मी दिवसभरात ऐकलं, आणि त्यानं पेरणीची दिशा बदलली.

दुपारी शिदोरी सोडली तेव्हा मी त्यांना विचारलं, "तुम्हाला राग येत नाही?"

"येते नं. पण कोणावर काढू?" भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या. "शहरातल्या बायाले बी दाळ परवडली पाहिजे. त्यायले बी लेकरं आहेत. सरकारनं त्यायच्यासाठी केलं असन. मी काहून नाही म्हणू? तोच कागद महिनाभर आधी आला असता, तर आज आम्ही सकाळपासूनच ज्वारी पेरली असती. एवढंच तर म्हणून राहिली मी."

दोन महिन्यांपूर्वीच धरमपेठेतल्या दुकानात तूरडाळीचा भाव उतरलेला पाहून मी दोन किलो जास्तीची घेतली होती आणि घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं. त्या बाईनं आपल्या वावरात बसून माझी बाजू घेतली होती. माझ्या कार्यालयात बसून मी तिची एकदाही घेतली नव्हती.

त्या हिवाळ्यातल्या बैठकीनंतर मी पान टाइप केलं ते पहिल्या क्रमांकावर शकुंतलाबाईंचं वाक्य ठेवून. 'शेतमालावरील आयात-निर्यात कराचे निर्णय पेरणीपूर्वी जाहीर करावेत व पीक घरी येईपर्यंत बदलू नयेत.' अंदाजित खर्चाच्या रकान्यात लिहिलं : निरंक. म्हणजे काही नाही.

देशकर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पाठक मॅडम, हा आपला विषय नाही."

"सर, 'दिल्लीला कळवा' अशी शिफारस तर आपण करू शकतो. आणि यात सरकारचा एक पैसाही जात नाही."

त्यांनी बराच वेळ पान पाहिलं आणि सही केली. मला वाटलं, जिंकलं.

आठ दिवसांनी मुंबईहून एका कक्ष अधिकाऱ्याचा फोन. "मॅडम, क्रमांक एकला खर्च टाकलेला नाही."

"खर्च नाहीच आहे."

"असं कसं चालेल? संगणक शून्य घेत नाही. खर्च नसेल तर ती अर्थसंकल्पातली मागणी कशी?"

मी खूप सांगून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "एक टाका आणि मोकळ्या व्हा." मी एक टाकला. रकान्याच्या डोक्यावर 'रुपये लाखांत' असं छापलेलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या मे महिन्यात आमच्या कार्यालयाला एक लाख रुपये मंजूर झाल्याचं पत्र आलं. प्रयोजन : पेरणीपूर्व माहितीचा प्रसार. पैसे आले की खर्च करावे लागतात. काटोलच्या रस्त्यावर, एसटी थांब्यापाशी, मोठा फलक लागला. हिरवंगार शेत, हसरा शेतकरी, आणि अक्षरं : 'शेतकरी बंधूंनो, पेरणीच्या आधी माहिती घ्या!'

तो फलक मी बसच्या खिडकीतून पाहिला आणि पुढच्या थांब्यावर उतरून जावं असं वाटलं. संध्याकाळी शकुंतलाबाईंना फोन केला. त्यांनी तो आधीच पाहिला होता. पलीकडून काहीच आवाज येईना. मग कळलं, त्या हसत होत्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

"मॅडम, म्या म्हटलं आम्हाले सांगा. अन् ते आम्हालेच म्हणून राहिले, माहिती घ्या!" मग शांत होऊन म्हणाल्या, "जाऊ द्या. पण तुम्ही लिहिलं, हे मले समजलं. पुढच्या बैठकीले येतो मी."

ती माझ्या नोकरीतली शेवटची बैठक ठरली. त्या वर्षी मुंबईहून स्वतः सचिवसाहेब आले होते. तरुण, हुशार, घाईत. शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. मी पेन तयार ठेवलं. पण त्यांनी मागणी मांडलीच नाही.

"साहेब, राग नका मानू, एक विचारतो. तुमच्या बदल्या कधी होतात?"

सभागृहात खसखस पिकली. सचिवसाहेबांनाही गंमत वाटली. "एप्रिल-मेमध्ये. शक्यतो मे संपायच्या आत."

"काहून?"

"म्हणजे... मुलांच्या शाळा असतात. जूनमध्ये शाळा सुरू होतात. मध्येच बदली झाली तर मुलांचं वर्ष बुडतं."

"बरोबर आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लेकराचं वर्ष बुडू नये. आमची पेरणी बी जूनमध्येच असते साहेब."

आणि त्या खाली बसल्या.

मी वही तशीच उघडी ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिले. मागच्या रांगेत नामदेवराव होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सचिवसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी समोरचं पाणी बाजूला सारलं, स्वतःची डायरी काढली आणि विचारलं, "बाई, तुमचं पूर्ण नाव?" त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. एकतीस वर्षांत माझं काम दुसऱ्या कुणी केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सचिवसाहेबांनी त्या मागणीचं पत्र दिल्लीला पाठवलं, शकुंतलाबाईंच्या नावानिशी. त्याची प्रत मी निवृत्तीच्या दिवशी मागून घेतली. दिल्लीचं उत्तर दोन ओळींचं : सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. कायदा झाला नाही. त्यानंतरही निर्णय कधी पेरणीच्या आधी आले, कधी नंतर. मला कुणी विचारतं, मग उपयोग काय झाला? मला खरंच ठाऊक नाही. शकुंतलाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "नोंद तर झाली नं. आधी ते बी नव्हतं."

आता मी धरमपेठेत मुलीजवळ राहते. सीताबर्डीला जायचं तर मेट्रो आहे, राख झटकायची नाही, नऊची बस नाही. यंदा जूनच्या अखेरीस एक दिवस सकाळी सातला फोन वाजला.

"मॅडम, वावरात आहोत साऱ्या. ओल चांगली आहे. दिल्लीवरून काही आलं काय?"

मी चष्मा शोधला. संकेतस्थळावरच्या अधिसूचना पाहिल्या, बातम्या पाहिल्या, पुन्हा एकदा अधिसूचना पाहिल्या.

"आत्तापर्यंत काही नाही आलं."

"उद्या येईन काय?"

"ते मला नाही सांगता येणार, शकुंतलाबाई."

"कोणालेच नाही येत," त्या म्हणाल्या. मग फोनवरून तोंड वळवून त्यांनी हाक दिली, "चाला वं!"

फोन बंद करायचा राहून गेला असावा. बांगड्यांचा आवाज येत होता, बैलाला भाऊराव काहीतरी म्हणाले, कमलाबाई कुणाला तरी रागावली. मी गॅस बारीक केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. एक ओळ पूर्ण होऊन बायका दुसऱ्या टोकाला वळेपर्यंत मी फोन कानापासून काढला नाही.